सहावं नाव

जुनवानी, भिलाई
रविवार, १३ जुलै

प्रिय प्रांजली,

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर मला हे सांगता येत नाही. मागच्या नऊ महिन्यांत तीन वेळा प्रयत्न केला. तिन्ही वेळा तू आधी 'ताई, जेवली का' असं विचारलंस, मी हो म्हटलं, मग तुमसरचं ऊन, तुझ्या क्लासमधली मुलं असं काहीबाही बोलणं झालं आणि फोन ठेवला. कागदावर मध्ये कुणी बोलत नाही. मराठीत लिहिते आहे. तू मला कायम हिंदीत लिहीत आलीस, मराठी लिहायला लाजतेस, पण वाचतेस सगळं.

घरचं आधी सांगते. आईचा उजवा गुडघा तसाच आहे. जिना उतरायला लागू नये म्हणून ती आता भाजीवाल्याला वरूनच हाका मारते. बाबा ठीक आहेत. पोलाद कारखान्याच्या कोक ओव्हनच्या भट्ट्यांवर चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला जेवढं ऐकू यावं तेवढंच त्यांना येतं, त्यामुळे टीव्ही मोठा लावतात आणि खालच्या मजल्यावरचे तक्रार करतात. आठवड्यातून एकदा बस धरून जामुलला भट्टीवरच्या जुन्या सोबत्याकडे, भैय्याजींकडे जातात, दोघं पत्ते खेळतात. आई रोज विचारायची, "पांजी येत कावून नाही? तिले फोन लाव न." मी म्हणायची, तिला सुट्टी नाही. हे मी विचार न करता म्हणायची. दूध आणलं का विचारल्यावर उत्तर द्यावं, तसं.

माझं म्हणशील तर मी बरी आहे. उठते, आंघोळ करते, जेवते. काही दुखत नाही. मार्चपासून मला फारसं काही वाटतच नाही. वाटायला हवं हे कळतं, पण ते कळण्यापलीकडे जात नाही. हे पत्रसुद्धा मी त्याच हाताने लिहिते आहे ज्याने बिलं भरते. म्हणून यात रडणं-भेकणं नसेल. ते नाही याचा अर्थ चुकीचा काढू नकोस. बरोबर काढलास तरी चालेल.

तू आमच्या सेक्टर सातच्या क्वार्टरमध्ये आलीस तेव्हा नऊ वर्षांची होतीस. तारा मावशी, तुझी आई, तुला सोडायला आली होती आणि निघताना तुझ्याकडे न बघता रिक्षात बसली, हे तुला आठवत नसेल. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. घरात नवा कॉम्प्युटर आला होता आणि तू शाळेतून आलीस की त्याच्या टेबलाखाली बसून डबा खायचीस. एकदा तुझा गायीवरचा हिंदी निबंध मी टाईप केला आणि त्यातले शब्द मोजणारा छोटा प्रोग्राम लिहिला. 'और' तेवीस वेळा आला होता. तू शाळेत सगळ्यांना सांगितलंस की माझा निबंध कॉम्प्युटरने वाचला. मी तेव्हा गंमत म्हणून ते केलं होतं. पुढे तेच माझं शिक्षण झालं, तीच नोकरी झाली.

पुण्यातली कंपनी सोडून मी मराठीत एम.ए. केलं. नंतर हैदराबादला पीएच.डी. शंभर वर्षांपूर्वीच्या एका मासिकातले बिननावाचे लेख घेऊन ते कुणी लिहिले असतील, हे मी आकड्यांवरून शोधलं. काय सांगायचं यावर लिहिणाऱ्याचं लक्ष असतं. पण, तर, सुद्धा, म्हणून अशा बारक्या शब्दांवर नसतं. ते तो सवयीने वापरतो आणि ते किती वेळा येतात यावरून त्याची ओळख लागते. सात लेख एकाच माणसाचे निघाले. परीक्षकांनी कौतुक केलं. त्यानंतर अकरा वर्षं मी वर्षावर्षाच्या कराराने पाच शहरांत शिकवलं. साहित्याच्या विभागात मी कॉम्प्युटरवाली होते आणि कॉम्प्युटरच्या विभागात मराठीवाली. एका मुलाखतीत एका गृहस्थांनी हसत विचारलं होतं, "तुम्ही नक्की कोणत्या मजल्यावर बसणार?" मीही हसले होते.

म्हणून रसमड्याच्या पुढच्या या खासगी विद्यापीठाने मला बोलावलं, साहित्य आणि संगणक एकत्र शिकवणारं केंद्र काढतो म्हणाले, तेव्हा मला खरंच सुटल्यासारखं वाटलं. एक खोली, चार कॉम्प्युटर, एक स्कॅनर, दारावर माझ्या नावाची पाटी. आणि घर वीस मिनिटांवर. पुढच्याच वर्षी हिंदीच्या अतिथी व्याख्यात्याची जागा निघाली आणि मीच तुला अर्ज करायला लावला. मुलींच्या वसतिगृहाची सहायक अधीक्षक म्हणून खोलीही मिळाली तुला. आई म्हणाली, "आता दोघी एका जागी." मला ते वाक्य आवडलं होतं.

पुढचं तुला माहीत आहे, तरी क्रमाने लिहिते. हे पत्र तुझ्याशिवाय आणखी कुणी वाचेल, त्यांना क्रम लागेल.

गेल्या जुलैत वसतिगृहातल्या अकरा मुलींना कावीळ झाली. पालकांना व्हायरल ताप सांगितला. ऑगस्टमध्ये जिल्हाधिकाऱ्यांना आणि दोन वर्तमानपत्रांना साडेतीन पानांचं टाईप केलेलं हिंदी पत्र गेलं. खाली नाव नाही. पाण्याची टाकी दोन वर्षं धुतली नाही, वरची जाळी तुटली आहे, अमुक तारखेला अमुक मुली दवाखान्यात नेल्या, असं सगळं होतं. ते खरंच होतं. पथक आलं, टाकी रिकामी केली, बातमी छापून आली. त्यानंतर कुलसचिवांना एकच गोष्ट हवी होती, पत्र लिहिणाऱ्याचं नाव. तू अधीक्षकांना तोंडी दोनदा सांगितलं होतंस, त्यामुळे तुझं नाव त्यांच्या यादीत होतंच. यादीत एकूण पाच जण होते. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तुला पत्र मिळालं की तज्ज्ञाच्या गोपनीय अहवालावरून तूच लिहिल्याचं सिद्ध झालं आहे, करार संपला, दोन दिवसांत खोली रिकामी करावी. तुझ्या मार्गदर्शकांनीही प्रबंधातून अंग काढून घेतलं.

त्या दिवशी तू इथे आलीस. आई देवळात गेली होती. तू माझ्या पलंगावर बसून रडत होतीस आणि म्हणालीस, "ताई, मैंने नहीं लिखा. लिहायला पायजे होतं, पण मी नाही लिवलं." मग म्हणालीस, "हा तज्ज्ञ कोण असेल? तुझ्याच लाइनचा असेल ना कोणी? विचार ना, ओळखीत कोणी असेल तर." मी म्हटलं, "विचारते." तुला पाणी दिलं. तुझ्या दोन पेट्या दुर्ग स्टेशनवर मीच पोचवल्या.

प्रांजली, तो अहवाल मी लिहिला होता.

सप्टेंबरमध्ये कुलसचिवांनी मला बोलावलं. चहा मागवला. म्हणाले, "मैडम, आप तो लिखावट से आदमी पकड़ती हैं. इसका भी देख दीजिए." लिखावट म्हणजे हस्ताक्षर, मी बघते ते हस्ताक्षर नव्हे, लिखाण, हे मी त्यांना समजावून सांगितलं आणि ते सांगताना मला बरं वाटत होतं. इतक्या वर्षांत कुणीतरी माझं काम कशाला तरी उपयोगी आहे असं म्हणत होतं. केंद्राचा करार जूनमध्ये संपणार होता, हेही माझ्या डोक्यात होतं. यादीत तुझं नाव बघून मला वाटलं, मी केलं तर तू निर्दोष आहेस हे निदान शास्त्रशुद्ध दिसेल. असं मला तेव्हा वाटलं की नंतर मी ते तयार केलं, हे आता सांगता येत नाही.

बाकी चौघांचं लिखाण कार्यालयाने दिलं, म्हणजे टिपणं, अहवाल, परिपत्रकं. तुझे कार्यालयात फक्त रजेचे दोन अर्ज होते. दोन अर्जांवर काही होत नाही. तेव्हा तुझे नमुने मी माझ्याकडचे दिले. तू तपासायला पाठवलेली प्रबंधाची दोन प्रकरणं आणि तू मला वसतिगृहातून लिहिलेले ईमेल, एकूण एकेचाळीस. मावशीच्या ऑपरेशनच्या वेळचे, त्या नागपूरच्या स्थळाला नाही म्हटलंस तेव्हाचे. हे कुणी मागितले नव्हते. कुलसचिवांना ते असल्याचं माहीतसुद्धा नव्हतं. मी तुला विचारलं नाही.

तुझं नाव वर आलं. सत्त्याऐंशी टक्के.

साडेतीन पानं या पद्धतीला फार कमी पडतात, हे मला माहीत होतं. माझ्या विद्यार्थ्याने असं केलं असतं तर मी परत पाठवलं असतं. बाकीच्यांचं कार्यालयीन लिखाण आणि तुझं मनमोकळं, ही तुलनाच बरोबर नाही, हेही माहीत होतं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, पाचांपैकीच कुणीतरी आहे, असं यंत्राला आधीच सांगितलेलं होतं. सहावा कुणी असेल, असं म्हणायची त्याला सोयच नव्हती. मी हे अहवालाच्या शेवटी बारीक अक्षरात तीन ओळींत लिहिलं. त्या तीन ओळी कुणी वाचणार नाही, हेही मला माहीत होतं. तुला काढतील असं वाटलं नव्हतं, ताकीद देतील असं वाटलं होतं. डिसेंबरमध्ये पुण्याच्या परिसंवादात मी हे उदाहरण नावं झाकून सांगितलं. टाळ्या वाजल्या. चहाच्या वेळी दोघांनी माझं कार्ड मागून घेतलं.

मार्चमधल्या एका रविवारी विद्यापीठातलंच एक माणूस जुनवानीला घरी आलं. बाई की पुरुष, कोणत्या खात्यातलं, हे मी लिहिणार नाही. मी तसा शब्द दिला आहे. खुर्चीच्या टोकावर बसून म्हणालं, "मॅडम, थे कागद मी लिवले. पांजली मॅडमनं नाही." मी विचारलं, आता का सांगता? म्हणालं, "मले वाटलं होतं दुसरं कोनी सांगन. कोनीच नाही सांगतलं. मले दोन वर्सं रायली नोकरीची." पिशवीतून वही काढली. पूर्ण मजकूर हाताने लिहिलेला, खाडाखोडीसकट. मुलींची नावं, तारखा. मग मला विचारलं, "पन मॅडम, मशीनमंधून तिचं नाव कसं निंगालं?" हे माणूस भिलाईतल्या मराठी घरातलं आहे. आपल्यासारखंच. घरी मराठी, शाळेत हिंदी.

मी सांगितलं की बघते. ते माणूस गेल्यावर मी कॉम्प्युटर लावला. यादीतल्या पाच जणांमध्ये मराठी घरातली तू एकटीच होतीस. बाकी दोघं बिहारकडचे, एक केरळचे सर, एक रायपूरच्या. 'पानी साफ है करके बोलते हैं', असं मराठी 'म्हणून'च्या जागी 'करके' घालून भिलाईची आपली माणसं लिहितात. 'तो', 'भी', 'ही' आपण मराठीत 'तर', 'सुद्धा', 'च' जिथे येतात तिथे ठेवतो. यंत्राने तुला ओळखलंच नव्हतं. त्याने आपलं घर ओळखलं होतं. हे तपासून बघायला मराठी घरातलं आणखी कुणाचं तरी हिंदी लागत होतं. जवळ माझंच होतं. तुला पाठवलेली उत्तरं, घरमालकाला लिहिलेली पत्रं, केंद्राचे अर्ज. मी यादीत सहावं नाव घातलं. वसुंधरा रामाजी बावनकर.

माझं नाव पहिलं आलं. एक्याण्णव टक्के. तू दुसरी.

मी तो आकडा बघत बसले. मग आईने चहाला हाक मारली, मी जाऊन चहा घेतला. टोस्ट खाल्ला. तेव्हापासून हे असं आहे, जे मी वर सांगितलं.

आणि त्यानंतर मी साडेतीन महिने काही केलं नाही. हे नीट वाच, कारण माझ्या मते हे पहिल्यापेक्षा वाईट आहे. सप्टेंबरमध्ये मी अर्धवट आंधळी होते असं म्हणता येईल. मार्चनंतर सगळं दिसत होतं. एप्रिल गेला, मे गेला. जूनमध्ये माझा करार वाढवून मिळाला आणि मी सही केली. पेन माझंच होतं. तू त्याच आठवड्यात मला क्लासच्या निकालाचा फोटो पाठवला होतास, मी त्यावर 'छान'वाल्या अंगठ्याचं चित्र पाठवलं.

गेल्या सोमवारी जेवताना आईने पुन्हा तुझं नाव काढलं. तारा मावशीने तिला सांगितलं होतं की काढून टाकल्याविरुद्ध तू रायपूरच्या आयोगाकडे अर्ज केला आहेस, चोवीस तारखेला सुनावणी आहे, वकील म्हणतात तज्ज्ञाचा अहवाल खोडल्याशिवाय काही व्हायचं नाही. आई म्हणाली, "कोन मेला तज्ज्ञ असन?" तेव्हा मी सांगितलं. पोळीचा तुकडा हातात होता, तो खाली ठेवून सांगितलं. आईला अर्धं कळलं नाही. बाबांना मोठ्याने दोनदा सांगावं लागलं. त्यांनी टीव्ही बंद केला.

"म्हंजे तिचं नाव तू देल्लं?"

मी म्हटलं, "मी नाही, बाबा. मशीनने दिलं."

"मशीनले तिचे कागद कोनं देल्ले?"

ते उठले, ताट मोरीत नेऊन ठेवलं, हात धुतले. त्यानंतर तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आई मात्र पुन्हा पुन्हा एकच विचारत राहिली, "माह्या बहिनीले मी आता काय सांगू, वसू?" चौथ्या दिवशी बाबांनी सकाळी विचारलं, "काय करून राहिली मग?" मी म्हटलं, आज जाते.

गेले. कुलसचिवांना म्हटलं, माझा अहवाल चुकीचा आहे, मी तो मागे घेते. त्यांनी दार लावायला सांगितलं. म्हणाले, "मैडम, फाइल बंद हो चुकी है. आप क्यों खोल रही हैं? किसने कहा आपसे?" मी म्हटलं, कुणी नाही, मीच तपासलं. त्यांना ते खरं लिहिणारं माणूस हवं होतं, हे माझ्या लक्षात आलं. मी नवा निकाल त्यांच्यासमोर ठेवला आणि म्हटलं, तुमचा त्या पद्धतीवर विश्वास असेल तर पत्र मी लिहिलं आहे. त्यांनी तो कागद वाचला, पुन्हा वाचला, उलटा करून ठेवला. मी खाली येऊन अर्ज आवक खिडकीत दिला. तिथल्या शिल्पाताईंनी वर न बघता शिक्का मारला, पोच दिली. दुपारनंतर केंद्राच्या दाराला दुसरं कुलूप होतं. माझा डबा आत राहिला. पुण्याच्या परिसंवादवाल्यांनाही लिहिलं आहे की माझा निबंध छापू नका. त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही.

काल बाबा मला म्हणाले, "चाल, तुमसरले जाऊ." मी म्हटलं, तिला आधी सगळं माहीत होऊ दे, मग ती बोलावेल तर जाऊ. त्यांनी मान हलवली. ते तुझ्यासाठी तीळ घेऊन बसले आहेत, भैय्याजींच्या शेतातले. कसे पाठवायचे ते कळत नाही त्यांना.

आता हे पत्र का लिहिलं ते. मी काल तुझ्या वकिलांशी बोलले. माझं प्रतिज्ञापत्र त्यांनी घेतलं, नवा निकाल, सगळी आकडेमोड आणि आवकची पोच घेतली. ते म्हणाले, विद्यापीठ म्हणेल की बहीण आहे, आता बहिणीला वाचवायला बोलते आहे. त्यांना असा कागद हवा होता ज्यात मी तुलाच, कुणी मागितला नसताना, लिहून दिलेलं असेल की तुझी खासगी पत्रं मी तुझ्या परवानगीवाचून घेतली, ती कमी पडतात हे मला माहीत होतं, आणि खरं कळल्यावरही मी साडेतीन महिने गप्प बसले. म्हणजे जे तुला बहीण म्हणून सांगायचं होतं तेच. मागून घेतलेल्या कागदाला ते न मागितलेला म्हणणार नाहीत, म्हणून हेही लिहून टाकते की वकिलांनी सुचवलं तेव्हा मी घरी येऊन टेबलाशी बसले, आणि ते सुचवलं नसतं तर अजूनही बसले नसते बहुधा. प्रत्येक पानावर खाली माझी सही आहे. पत्र रजिस्टरने पाठवते आहे, लिफाफाही जपून ठेव, त्यावर तारीख असते. चोवीसला मी रायपूरला असेन. साक्ष झाली की बाहेरच्या बाकावर थांबेन. तू समोरून जाशील तेव्हा थांबायची, बोलायची गरज नाही. एकेचाळीस ईमेल मी माझ्याकडून पुसले आहेत. त्याआधी एकदा सगळे सलग वाचले, शब्द न मोजता. त्यातल्या सदतिसाव्यात तू लिहिलं आहेस की तुला वसतिगृहाचं पाणी चांगलं वाटत नाही, काय करावं, ताई तू सांग. मी त्याला उत्तर दिलं नव्हतं.

तुझी म्हणवून घ्यायचं की नाही, ते तुझ्यावर सोडून,

वसूताई